कंबरदुखीची गोळी, ताकदीची गोळी आणि अंगातली अफू

काउंटरमागून

नमस्कार मंडळी. मी डी. फार्म., तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. दुकान साखर कारखान्याच्या रस्त्यावर आहे, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, हंगामात ऊसतोडीची माणसं आणि बारा महिने गावातले कंबर-गुडघेवाले. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

ट्रॅमाडॉल, म्हणजे दुखण्यावरची अफूच्या जातीची गोळी, मी चिठ्ठीशिवाय देत नाही. शेड्यूल एच-वनमधल्या औषधांचं रजिस्टर ठेवावं लागतं, शिवाय २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय. नाव, डॉक्टर, किती गोळ्या, सगळं लिहायचं. लिहिता लिहिता एक गोष्ट नजरेत यायला लागली. तिशी-पस्तिशीतले काही गडी महिनोन्महिने या गोळीवर आहेत आणि तेच गडी मधूनच दुपारी, दुकान रिकामं बघून येतात. आधी तापाची गोळी मागतात. मग खोकल्याचं काहीतरी. पैसे देऊन झाले, पुडी खिशात गेली, की पायरीवरून मागे वळून, "ते... ताकदीचं काही असतं का?"

त्यातला एक जण, ट्रॅक्टर चालवतो, मला म्हणाला, "दादा, ती निळी घेतली की काम होतंय, पण मनातच येत नाही काही." त्या निळीतलं सिल्डेनाफिल रक्तपुरवठ्याचं काम करतं, इच्छेचं नाही, एवढं मला कळतं. मग इच्छा गेली कुठे? आधी वाटलं कर्ज, दारू, शीण. पण यातले दोघे-तिघे माळकरी आहेत, सुपारीसुद्धा खात नाहीत.

वाचलं तेव्हा कळलं की अफूच्या जातीची औषधं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, खाली आणतात. आणि हेही वाचलं की शरीर स्वतःच अफूसारखे पदार्थ बनवतं, एंडॉर्फिन वगैरे. म्हणून दोन प्रश्न. बाहेरची अफू हे नेमकं कुठे आणि कसं करते? आणि अंगातली अफूही तेच करत असेल, तर कशाला? वंशवाढीच्या आड येणारी वस्तू शरीराने स्वतःच का बनवावी?

जाणकारांनी उजेड टाकावा. "डॉक्टरांना दाखवा" हे मी दिवसातून दहा वेळा लोकांना सांगतोच, तेवढं सोडून बोला.

---

शरीरक्रिया_बाई

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस. तिथे जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडणाऱ्या पेशी आहेत, माणसात जेमतेम हजार-दोन हजार. मेंदूत पेशींची अब्जावधी खोगीरभरती, आणि वंशाचा कारभार या एवढ्याशांवर. हे हार्मोन दहा अमायनो आम्लांचं. ते पिट्युटरीला पोचतं, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते, ते रक्तातून अंडाशयाला किंवा वृषणाला जाऊन कामाला लावतात. इथवर बारावीच्या पुस्तकातही आहे.

पुस्तकात घाईघाईने उरकलेला भाग असा की जीएनआरएच सतत सुटून चालत नाही. तुमच्या भागात उसाला पाणी पाळीने देतात, दोन पाळ्यांमध्ये जमीन वाफशावर येऊ देतात. पाणी तुंबवून ठेवलं तर ऊस पिवळा पडतो. तसंच पिट्युटरीचं. १९७०च्या दशकात पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांनी रीसस माकडिणींच्या हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केला. एलएच तळाला गेलं. मग पंपाने दर तासाला फक्त ६ मिनिटं जीएनआरएच दिलं, तर एलएच परत आलं. तोच पंप अखंड चालू ठेवला, तर पुन्हा खाली. तुमच्याकडे ल्युप्रोलाइडचं डेपो इंजेक्शन येत असेल. प्रोस्टेटच्या कर्करोगात ते याच तत्त्वावर दिलं जातं: अखंड मारा करून पिट्युटरीला बधिर करायचं.

म्हणजे महत्त्व हार्मोनइतकंच दोन ठोक्यांमधल्या खंडाला आहे. तो खंड पाडतं कोण? तुमची अंगातली अफू.

हायपोथॅलॅमसमध्ये आर्क्युएट नावाचं केंद्रक आहे. तिथल्या काही पेशी एकाच वेळी तीन पदार्थ बनवतात: किस्पेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन. अभ्यासक त्यांना 'कँडी' पेशी म्हणतात. न्यूरोकायनिन-बी या पेशींना एकमेकींकरवी जागं करतं, सगळ्या मिळून किस्पेप्टिन सोडतात आणि जीएनआरएचचा एक ठोका पडतो. त्याच्या पाठोपाठ डायनॉर्फिन सुटतं. ते शरीराचं स्वतःचं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचा पदार्थ. ते याच पेशींवरच्या 'कप्पा' नावाच्या रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या जागेवर) बसतं आणि त्यांना गप्प करतं. त्याचा असर ओसरला की पुढचा ठोका. म्हणजे तुम्ही म्हणता तसं ते वंशवाढीच्या आड येत नाही. ते नसेल तर ठोकाच उरणार नाही, नुसती अखंड धार होईल, आणि अखंड धारेचं काय होतं ते माकडिणींनी दाखवलंय.

आता बायकांच्या चक्राकडे या, इथे हे फार सुंदर दिसतं. पाळीनंतरच्या पंधरवड्यात एलएचचे ठोके साधारण ६० ते ९० मिनिटांनी पडतात. बीज सुटल्यावर, प्रोजेस्टेरॉन चढलं की तेच ३-४ तासांवर जातात. अंडाशयाने मेंदूला "आता सबुरीने" असं कळवलं, पण कळवलं कुणाला? जीएनआरएच पेशींवर इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टर नसतोच. निरोप जातो तो शेजारच्या पेशींमार्फत. मेंढ्यांच्या मेंदूत बघितलं तेव्हा आर्क्युएटमधल्या डायनॉर्फिनवाल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर सापडला.

नॅलोक्सोन तुम्हाला माहीत आहे, अफूची विषबाधा उतरवायचं इंजेक्शन. १९८०च्या सुमारास सॅन दिएगोला सॅम्युअल येन यांच्या गटाने ते निरोगी बायकांना दिलं. कुणीही अफू घेतलेली नव्हती, तरी चक्राच्या उत्तरार्धात एलएच वाढलं. म्हणजे आतलं काहीतरी दाबून धरत होतं आणि नॅलोक्सोनने तो हात काढला. पाळी नुकतीच आलेल्या दिवसांत दिलं, तर जवळजवळ काहीच नाही. रजोनिवृत्तीनंतरही नाही. न्यूयॉर्कला माकडिणींमध्ये हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीकडे जाणाऱ्या रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन मोजलं, तर उत्तरार्धात भरपूर आणि पाळीच्या दिवसांत मोजता येणार नाही इतकं कमी. दोन्ही गोष्टी एकमेकींना अगदी चपखल बसतात. मी वर्गात हे दोन आलेख शेजारी शेजारी काढायचे आणि मुलांना म्हणायचे, आता मी बोलत नाही, तुम्ही सांगा.

बीटा-एंडॉर्फिन हे दुसरं ओपिऑइड, ३१ अमायनो आम्लांचं. ते पीओएमसी नावाच्या मोठ्या प्रथिनातून कापून निघतं, आणि ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल वाढवणारं एसीटीएच त्याच प्रथिनाचा दुसरा तुकडा. अवांतर: ते सापडलं उंटात. सॅन फ्रान्सिस्कोचे चो हाओ ली यांना चरबी वितळवणारं हार्मोन उंटाच्या पिट्युटरीत शोधायचं होतं, म्हणून त्यांनी इराकमधून वाळवलेल्या ग्रंथी मागवल्या होत्या. हवं होतं ते मिळालं नाही, हा तुकडा मिळाला. १९७५मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टर्लिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफालिन काढलं, तेव्हा लींच्या लक्षात आलं की तीच साखळी आपल्याकडच्या तुकड्यात बसलेली आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. अंगातलं ओपिऑइड मोजकं, जागच्या जागी आणि काही मिनिटांपुरतं सुटतं. गोळी अशा ओपिऑइडांचे रिसेप्टर दिवसभर धरून बसते, मुख्यतः बीटा-एंडॉर्फिन ज्यावर बसतं तो 'म्यू' रिसेप्टर. ठोके विरळ होतात, एलएच पडतं, वृषणाला निरोपच जात नाही. मॉर्फीननंतर काही तासांतच टेस्टोस्टेरॉन उतरलेलं दिसतं. १९७५मध्येच सेंट लुईसच्या सिसेरो यांनी मेथाडोनवर (अफूच्या व्यसनावर देतात ते ओपिऑइड) असलेल्या पुरुषांमध्ये हे दाखवलं होतं. वृषण ठणठणीत असतात, त्यांना कुणी काम सांगत नाही, एवढंच.

एक मात्र नीट समजून घ्या. ट्रॅमाडॉल मॉर्फीन-मेथाडोनच्या मानाने सौम्य. त्याचा निम्मा कारभार सेरोटोनिन-नॉरॲड्रेनलिनवर चालतो, त्याने वीर्यपतन लांबतं, आणि काही गडी तेवढ्याचसाठी ते घेतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणून रजिस्टरमधल्या सगळ्यांची इच्छा ट्रॅमाडॉलनेच गेली असं म्हणू नका. जुनं दुखणंसुद्धा इच्छा मारतं, झोप मोडणंही मारतं.

---

माणदेशी_पशुवैद्य

बाईंचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. आमच्याकडे ही गोष्ट गोठ्यात उभी असते, म्हणून चार ओळी.

खिलार गाय व्याली, वासरू दिवसभर तिच्यापाशीच, हवं तेव्हा पितंय. अशी गाय कितीतरी महिने माजावर येत नाही. मालक येतो, "डॉक्टर, इंजेक्शन द्या, गाभ राहीना." गाभ राहीना नव्हे, माजच नाही. शेजारच्याची संकरित गाय हाताने पिळतात, वासरू बाजूला बांधलेलं. तिच्या खुराकात कसर नसेल तर ती लवकर माज दाखवते. जुन्या माणसांना हे ठाऊकच आहे, कारण मात्र ते "दुधात ताकद जाते" असं सांगतात. ते अर्धं खरं. खुराक कमी पडला तर माज लांबतोच. पण पूर्ण खुराकावरही पाजणारी गाय मागे राहते.

१९८०च्या दशकात अमेरिकेत मांसाच्या गाईंवर प्रयोग झाले. पाजणाऱ्या गाईला नॅलोक्सोन टोचलं की एलएच वर येतं. म्हणजे वासरू कासेला लागलं की आतलं ओपिऑइड एलएचला दाबतं.

त्याहून भारी प्रयोग टेक्सासचे. गाईला परकं वासरू लावलं आणि ते परकं आहे हे तिला कळलं, तर तिचं एलएच दबत नाही, वासरू कितीही पिवो. आणि गाईची नजर आणि वास दोन्ही बंद केलं, तर स्वतःचं वासरू पीत असूनही दबत नाही. नुसतं कासेला तोंड लागून भागत नाही, हे आपलं आहे हे तिला कळावं लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या गोठ्यातल्या एका गाईची आठवण झाली. ती वासरू हुंगल्याशिवाय पान्हाच सोडायची नाही. पिळणारा बदलला तरी चालायचं, वासरू बदललेलं चालायचं नाही.

उपयोगाचं म्हणाल तर नॅलोक्सोन टोचत कुणी बसत नाही. वासरू ४८ तास वेगळं बांधतात, तेवढ्याने एलएच उचल खातं, बऱ्याच गाई माजावर येतात. पण वासरू अगदी कोवळं असताना हा उद्योग करू नका आणि त्या दोन दिवसांत त्याला वरून दूध पाजा.

म्हशीचं वेगळंच दुखणं आहे, मुका माज. त्याचा वेगळा धागा काढतो.

---

काउंटरमागून

बाई, डॉक्टर, दोघांचेही मनापासून आभार. ल्युप्रोलाइडवरून लख्ख कळलं. ते इंजेक्शन इतकी वर्षं विकतोय आणि "हार्मोनच देऊन हार्मोन कमी कसं होतं" हे औषध कंपनीच्या एमआरला विचारलं तर तो हसून पुढच्या प्रॉडक्टवर जायचा.

गाईवरून विचारतो. बाळंतिणीचंही असंच का? आमच्याकडे "अंगावर पाजतेय तोवर काही होत नाही" म्हणून बायका गोळी नेत नाहीत, आणि नंतर धावत येतात.

---

शरीरक्रिया_बाई

पाजण्याने पाळी लांबते हे खरं, पण त्यावर विसंबायला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरच्या दुधावर, रात्रीसुद्धा, आणि पाळी अजून परत आलेली नाही. तिन्ही पाळल्या तर सुमारे ९८ टक्के संरक्षण, असं १९८८मध्ये इटलीत बेलाजिओला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं. एक अट मोडली की हिशेब संपला. तुमच्याकडे धावत येणाऱ्या बहुतेक जणींनी वरचं दूध किंवा रात्रीची बाटली सुरू केलेली असणार.

त्यात ओपिऑइडचा वाटा किती, हे गाईत जितकं स्वच्छ दिसतं तितकं बाईत दिसत नाही. पाजताना प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, चढतं, ठोके विरळ होतात, पण नॅलोक्सोन दिल्यावर दर वेळी गाईसारखं होत नाही. गाईवरून सुनेवर जाऊ नये.

---

पहाटेची_पळती

ठाण्याहून. मी हाफ मॅरेथॉन पळते, पाळी गेली होती म्हणून या विषयात शिरले. मला एक खटकतंय. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर सर्रास सांगतात की "पळून पळून एंडॉर्फिन वाढतं, त्याने पाळी बंद होते." वरचं सगळं वाचून कुणाचाही तोच समज पक्का होईल. मला माझ्या डॉक्टरांनी दुसरंच दाखवलं.

ॲन लाउक्स नावाच्या अमेरिकन संशोधिकेने मुलींवरच्या प्रयोगात दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या: व्यायामाचा ताण वेगळा आणि अन्नाची तूट वेगळी. व्यायाम केला पण जळालं तेवढं खाल्लं, तर एलएचच्या ठोक्यांना धक्का लागला नाही. तूट पडली तर लागला, व्यायाम असो वा नसो. मर्यादा आली चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोला दिवसाला ३० कॅलरी, व्यायामात गेलेल्या वजा करून.

माझा हिशेब मांडते. वजन ५२ किलो, चरबी वजा जाता साधारण ४२. म्हणजे १,२६० कॅलरी ही तळरेषा, आणि ठीकठाक राहायला दर किलोला ४५ धरले तर १,८९०. बारा किलोमीटर पळाले की सव्वासहाशेच्या आसपास जातात, ते यावर. म्हणजे पळायच्या दिवशी २,५०० खायला हवं. आणि मी खात काय होते? सकाळी काळी कॉफी, दहाला वाटीभर पोहे, दुपारी डब्यात कोशिंबीर आणि एक भाकरी, संध्याकाळी सूप. ऑफिसात सगळ्या म्हणायच्या काय फिट दिसतेस.

उपाय झाला तो जेवणाने. भात परत आणला, पळून आल्यावर लगेच दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू, आठवड्यातला एक लांब पल्ला कमी. औषध काही नाही. मग एंडॉर्फिनचा संबंध काय?

---

शरीरक्रिया_बाई

तुमचे डॉक्टर बरोबर आहेत, आणि ग्रुपवरची गोष्ट जरा जास्तच सोपी करून सांगितलेली आहे.

पळाल्यावर रक्तात जे एंडॉर्फिन वाढतं ते बहुतांश पिट्युटरीतून आलेलं असतं आणि ते मेंदूत सहजासहजी शिरत नाही. रक्तातल्या आकड्यावरून हायपोथॅलॅमसमध्ये काय चाललंय हे सांगता येत नाही. मेंदूतही पळण्याने ओपिऑइड सुटतं, २००८मध्ये जर्मनीत दोन तास पळालेल्यांच्या पेट-स्कॅनमध्ये ते दिसलं. पण तेवढ्याने पाळी जात असती तर भरपेट खाऊन पळणाऱ्यांचीही गेली असती.

आणखी एक गाठ आहे, ती उत्साही लेखांत कुणी सांगत नाही. उपासमारीत आर्क्युएटमधल्या पीओएमसी पेशींचं काम उलट मंदावतं. उंदरांत हे स्वच्छ दिसतं. त्या पेशी पोट भरल्याची खबर देणाऱ्या आहेत, उपाशीपोटी त्या कशाला बोलतील? मग अन्न कमी पडल्यावर ठोके थांबवतं कोण? चरबीतून येणारं लेप्टिन हार्मोन उतरतं, भुकेच्या पेशी किस्पेप्टिनला दाबतात, ताणाचं सीआरएच वाढतं, त्यात डायनॉर्फिनचाही हात असल्याची चिन्हं प्राण्यांत आहेत. ओपिऑइड त्या घोळक्यातलं एक आहे, म्होरक्या नव्हे.

तरी काही जणींत त्याचा वाटा मोठा असतो. १९८०-९०च्या दशकांत ताणाने किंवा वजन उतरल्याने पाळी गेलेल्या बायकांना नॅलोक्सोनसारखंच ओपिऑइड अडवणारं नॅल्ट्रेक्सोन देऊन पाहिलं. काउंटरमागून, तीच व्यसनमुक्तीची गोळी. काहींची पाळी परत आली, बीज सुटलं. काहींना ढिम्म फरक पडला नाही. म्हणून तो नेमाचा उपचार कधी झाला नाही.

त्याच्या शेजारी हे ठेवा: २००३मध्ये सारा बर्गा यांनी अशाच १६ बायका घेतल्या, सडपातळ नव्हेत, अगदी बेताच्या वजनाच्या. ८ जणींना विचारांच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन दिलं, खाण्याबद्दलचे, व्यायामाबद्दलचे, 'मी कमी पडते' याबद्दलचे विचार. त्यांतल्या ७ जणींचं अंडाशय पुन्हा कामाला लागलं. नुसतं लक्ष ठेवलेल्या ८ जणींत २. संख्या लहान आहे, पण मला हा अभ्यास फार आवडतो. गोळी न देता हायपोथॅलॅमसपर्यंत पोचता येतं.

तुम्ही जेवणाने बऱ्या झालात हे उत्तम. हाडांची घनता तपासली का? पाळी गेलेल्या काळात हाडं झिजतात, आणि पळणाऱ्यांना पायाच्या हाडाला तडा जाऊन मगच ते कळतं.

---

पहाटेची_पळती

डेक्सा केली. कंबरेचा मणका वयाच्या मानाने थोडा कमी, मांडीचं हाड चांगलं. कॅल्शियम-डी चालू आहे. बर्गांचा अभ्यास ग्रुपवर टाकते, 'मी कमी पडते'वाल्या तिथे पुष्कळ आहेत.

---

बावन्नची_बातमी

मधेच घुसते. रजोनिवृत्तीनंतर नॅलोक्सोनने काही होत नाही असं बाई म्हणाल्या. मग माझ्या अंगातली अफू संपली म्हणून मला या गरम वाफा येतात का? रात्री दोनला पंखा पाचवर आणि नवरा गोधडीत.

---

शरीरक्रिया_बाई

संपली म्हणण्यापेक्षा तिला हुकूम देणारं कुणी उरलं नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन गेलं की कँडी पेशींवरचा दाब सुटतो. ॲरिझोनाच्या नेओमी रान्स यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत रजोनिवृत्त बायकांच्या या पेशी फुगलेल्या, न्यूरोकायनिन-बीने भरलेल्या पाहिल्या. त्या शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या भागाशी जोडलेल्या आहेत, आणि वाफ व एलएचचा ठोका बरोबरच येतात हे १९७९पासून माहीत आहे.

त्यातूनच औषध निघालं. न्यूरोकायनिन-बीचा रिसेप्टर अडवणारं फेझोलिनेटंट, अमेरिकेत मे २०२३मध्ये मान्यता मिळाली. हार्मोन नाही, पण यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. तोवर गोधडी दोन ठिकाणी विभागून घ्या.

---

काउंटरमागून

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा कुठल्या कुठे गेला, वाचायला मजा आली. आता शेवटचं आणि कामाचं. असा गडी पायरीवरून मागे वळला की मी त्याला काय सांगू? गोळी बंद कर म्हणू का? काही जण टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनबद्दलही विचारतात, जिमवाल्या पोरांकडून ऐकून.

---

शरीरक्रिया_बाई

बंद कर म्हणू नका. महिनोन्महिने घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तर घाम, जुलाब, अंग मोडून येणं, झोप उडणं, आणि तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्या दुकानात जाऊन ती मिळवेल. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी पायरीपायरीने उतरवायची. उतरवल्यावर बहुतेकांचं टेस्टोस्टेरॉन परत चढतं.

त्याआधी तपासणी. टेस्टोस्टेरॉन सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा, एका आकड्यावर निकाल देऊ नये. त्याच रक्तात एलएच आणि प्रोलॅक्टिन. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच चढलेलं, तर दोष वृषणात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा 'नॉर्मल'मध्येच पडून, तर निरोपच खाली येत नाहीये, आणि मग गोळीवर संशय घ्यायला जागा आहे.

प्रोलॅक्टिन अशासाठी, की प्रोलॅक्टिनला आवर घालणाऱ्या डोपामिनला ओपिऑइड दाबतं आणि प्रोलॅक्टिन वाढवतं, ते वाढलं की इच्छा आणखी मरते. पण इथे तुमच्या रजिस्टरबाहेरचा एक चोर आहे. ॲसिडिटीची ती कॅप्सूल, रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड घातलेली. ट्रकवाले रात्री ढाब्यावर जेवतात आणि सकाळी ती घेतात, वर्षानुवर्षं. लेव्होसल्पिराइडने प्रोलॅक्टिन चांगलंच वाढतं. डॉम्परिडोननेही. ट्रॅमाडॉलवर खापर फोडण्याआधी त्या गड्याला विचारा, पोटासाठी काय घेतोस. साधी, लेव्होसल्पिराइड नसलेली कॅप्सूल चालेल का, हे डॉक्टरांना फोन करून तुम्हीच विचारू शकता.

इंजेक्शनचं म्हणाल तर ज्याला अजून मूल हवंय त्याला ते टोचणं म्हणजे उलटा कारभार. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की हायपोथॅलॅमस ठोके थांबवतो, एलएच-एफएसएच पडतात आणि शुक्रजंतू बनायचे बंद होतात. जिमवाल्या पोरांनाही हे एकदा सांगून ठेवा, त्यांची लग्नं अजून व्हायची आहेत.